'लोड'ला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न असा आहे : "मी नुकतंच इंग्रजीतून मराठीत भाषांतराचं काम सुरू केलंय. एका यंत्राच्या माहितीपुस्तिकेत 'लोड' हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर येतो. शब्दकोशात भार, ओझं, बोजा, वजन असे शब्द दिलेत. यातला एक ठरवून सगळीकडे तोच वापरला तर चालेल का?"

नाही चालणार. का ते सांगतो, पण आधी माझी फजिती ऐका.

या धंद्यात पडून मला जेमतेम वर्ष झालं होतं. इन्व्हर्टरची पुस्तिका मराठीत करायला आली. तुमच्यासारखाच मीही एक शब्द पक्का केला, 'ओझे'. 'भार' जरा पुस्तकी वाटला, 'ओझे' कसा अस्सल. मग पान उलटलं की 'ओझे', पान उलटलं की 'ओझे'. शेवटी दुरुस्तीच्या प्रकरणात लिहून बसलो : 'झाकण उघडण्यापूर्वी ओझे उतरवून ठेवा.' मजकूर तपासणाऱ्या बाईंनी समासात पेन्सिलीने एवढंच लिहिलं, 'इन्व्हर्टर काय हमाल उघडणार आहे?' मूळ सूचनेचा अर्थ साधा होता : इन्व्हर्टरवर चालणारे दिवे-पंखे आधी सोडवा. विजेच्या भाषेत वीज खाणाऱ्या वस्तूलाच लोड म्हणतात. छापताना ते वाक्य 'झाकण उघडण्यापूर्वी इन्व्हर्टरला जोडलेली सर्व उपकरणे काढून घ्या' असं झालं. त्यात ओझंही नाही आणि भारही नाही, आणि तेच बरोबर आहे.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली. 'लोड' दिसला की आधी लोडकडे बघायचं नाही, तो वाहतंय कोण ते बघायचं. माणूस, जनावर, गाडी, तुळई, तार, संगणक, नदी, की मन? इंग्रजीने या सगळ्यांच्या माथी एकच शब्द मारला आहे. मराठीत वाहणारा बदलला की शब्द बदलतो. माणसाच्या डोक्यावर ओझं असतं. तेच गवत असेल तर भारा आणि लाकडं असतील तर मोळी. कर्जाचा बोजा असतो, छताचा भिंतीवर भार असतो, मनावर दडपण असतं. झाड फळांनी लगडलेलं असतं. 'फळांचं ओझं झालेलं झाड' असं कोणी लिहिलं तर झाडाची कीव येईल, कौतुक वाटणार नाही.

मुळात हा इंग्रजी शब्द ओझ्याचा नव्हताच. जुन्या इंग्रजीत तो 'लाद' होता आणि त्याचा अर्थ वाट, प्रवास, वाहून नेणं. आजही इंग्रजीत ध्रुवताऱ्याला 'लोडस्टार' म्हणतात तो वाट दाखवतो म्हणून, आणि चुंबकी दगडाला 'लोडस्टोन' म्हणतात तोही दिशा दाखवतो म्हणून. 'पुढे चालून वाट दाखवणं' या अर्थाचं 'लीड' हे क्रियापदही त्याच घराण्यातलं. पुढे 'माल भरणं' या अर्थाच्या दुसऱ्याच एका क्रियापदाशी, 'लेड'शी, या शब्दाची सरमिसळ झाली आणि वाटेचं ओझं झालं. (आपल्या 'लादणे'शी त्या 'लेड'चं नातं लावायचा मोह होतो. मलाही झाला होता. पण जुन्या इंग्रजीत ते 'ह्लादान' होतं, घराणं वेगळं. सारखेपणा निव्वळ योगायोगाचा.)

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे वाट आणि ओझं एकाच शब्दात बसवणारा शब्द मराठीतही आहे आणि भाषांतरकार तो विसरतात. तो शब्द 'खेप'. 'पाण्याच्या चार खेपा झाल्या' म्हणताना आपण फेऱ्याही मोजतो आणि पाणीही. 'मालाची पहिली खेप आली' यात खेप म्हणजे एका फेरीत आलेला माल. एका वेळी जेवढं नेता येतं किंवा आत मावतं तेवढं, असा जिथे 'लोड'चा अर्थ असेल तिथे आधी 'खेप' लावून बघा. ट्रकचा लोड, वाळूचा लोड, धुण्याच्या यंत्रातला कपड्यांचा लोड, सगळीकडे बसतो. नाहीतर 'भर' आहेच : ट्रकभर माल, बसभर माणसं, पोतंभर कागद.

आता 'बर्डन'. कोश दोघांनाही 'ओझं' म्हणून मोकळे होतात, पण फरक आहे. 'बर्डन' हा 'बेअर', म्हणजे वाहणे किंवा सोसणे, या क्रियापदाचा नातलग. त्याचं मूळ आणि संस्कृत 'भृ' धातूचं मूळ एकच, म्हणजे 'बर्डन' आणि आपला 'भार' ही लांबची भावंडं. गंमत अशी की भाषांतर करताना 'भार' बहुतेकदा 'लोड'ला शोभतो आणि 'बर्डन'ला 'ओझं' किंवा 'बोजा'. कारण 'बर्डन'मध्ये सोसणं आहे, जड जाणं आहे. 'लोड' तटस्थ आहे. पुलाला त्याचा लोड जाचत नाही, तो त्यासाठीच बांधलेला असतो.

हा फरक किती जुना आहे त्याचा एक दाखला मला फार आवडतो. बायबलमधल्या गलतीकरांस पत्रात, सहाव्या अध्यायाच्या दुसऱ्या वचनात एकमेकांचं ओझं वाहायला सांगितलं आहे आणि पाचव्यात प्रत्येकाला आपापलं वाहावं लागेल असं म्हटलं आहे. १६११ च्या इंग्रजी भाषांतरात दोन्हीकडे 'बर्डन' आहे, त्यामुळे वाचणाऱ्याला वाटतं, बोलणाऱ्याने तीन वचनांत शब्द फिरवला. मूळ ग्रीकमध्ये मात्र दोन वेगळे शब्द आहेत. पहिला 'बारोस', म्हणजे दाबून टाकणारं जड ओझं. हवेचा दाब मोजणारं 'बॅरोमीटर' यातूनच आलं. दुसरा 'फोर्टिऑन', म्हणजे वाहायला दिलेला माल; जहाजातल्या मालालाही तो चालतो. म्हणून नंतरच्या अनेक इंग्रजी भाषांतरांत दुसऱ्या जागी 'लोड' आला आणि कोडं सुटलं. आणखी मजा पाहा. 'बारोस' हा आपल्या 'गुरु' म्हणजे जड या शब्दाचा नातलग आणि 'फोर्टिऑन' हा 'भार'चा. म्हणजे ते दोन शब्द वेगळे ठेवायची सोय आपल्या भाषेत मुळातच होती.

तांत्रिक मजकुरात 'भार' सगळ्यात जास्त लागतो, तो बांधकामात. तिथे 'डेड लोड' आणि 'लाइव्ह लोड' ही जोडी भेटते. 'मृत भार' आणि 'जिवंत भार' असं भाषांतर मी छापील मजकुरात वाचलं आहे आणि वाचून हसलोही आहे. 'डेड लोड' म्हणजे जो हलत नाही तो : स्लॅब, तुळया, भिंती, फरशी यांचं स्वतःचं वजन. 'लाइव्ह लोड' म्हणजे जो येतो-जातो तो : माणसं, कपाटं, साठवलेला माल. कपाट काही जिवंत नसतं. अचल भार आणि चल भार म्हणा, अर्थ लगेच कळतो. आकडे पाहिले तर आणखी कळतो. सळईच्या काँक्रीटचं वजन दर घनमीटरला सुमारे २५ किलोन्यूटन (भार मोजायचं एकक) धरतात. म्हणजे १२५ मिलिमीटर जाडीचा स्लॅब दर चौरस मीटरला ३.१ किलोन्यूटनच्या आसपास स्वतःचाच भार टाकतो. राहत्या खोलीत माणसांचा आणि सामानाचा चल भार बहुधा २ किलोन्यूटन धरला जातो. आपण राहायला यायच्या आधीच स्लॅब आपल्यापेक्षा जास्त भार पेलत उभा असतो. 'पेलणे' हे क्रियापद इथे हाताशी ठेवा. 'लोड-बेअरिंग' भिंतीला 'भारवाही भिंत' हा शब्द रूढ आहे, पण सूचना घरमालकासाठी असेल तर 'ही भिंत वरच्या मजल्याचा भार पेलते, ती पाडू नका' असं सरळ लिहावं.

वजन आणि भार यांतही गल्लत होते. वारा इमारतीवर भार टाकतो, त्याला वजन नसतं. भूकंपाचंही तसंच. त्यामुळे बांधकामात 'लोड'ला डोळे झाकून 'वजन' लिहिलं की वाऱ्यापाशी वाक्य अडतं.

विजेकडे परत येऊ, कारण तुमची पुस्तिका यंत्राची आहे. इथे 'लोड'चे दोन अर्थ आहेत आणि ते एकाच वाक्यातही येतात. एक, जोडलेलं उपकरण. दोन, ते उपकरण किती वीज ओढतं ते. पहिल्यासाठी 'उपकरण' लिहा, दुसऱ्यासाठी 'भार'. वीजबिलावरचे 'मंजूर भार', 'जोडभार' हे शब्द वाचकाच्या डोळ्यांखालून गेलेले असतात. 'लोडशेडिंग'ला 'भारनियमन' झालं तेव्हा मात्र शब्दाने थोडी लबाडी केली. 'शेडिंग' म्हणजे झटकून टाकणं, गाळून टाकणं. मागणी पुरवठ्याच्या वर गेली की वीजजाळ्याची वारंवारता घसरते, आणि सगळंच कोसळू नये म्हणून काही भाग तोडून टाकतात. तोडण्याला 'नियमन' म्हटलं की कसं सभ्य वाटतं. असो, शब्द रुळला, आता तोच खरा.

एक उलटी गोष्ट नवख्यांना फसवते. विजेचा भार जास्त म्हणजे रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, कमी. १५०० वॉटचं हीटर २३० व्होल्टवर साधारण साडेसहा अँपियर प्रवाह ओढतं, कारण त्याचा रोध कमी असतो. पाच वॉटच्या दिव्याचा रोध कितीतरी जास्त आणि भार नगण्य. म्हणून 'लोडचा रोध वाढवा' अशी सूचना दिसली की तिथे भार कमी करायला सांगितलंय हे लक्षात घ्या, घाईत उलटं लिहू नका.

'ओव्हरलोड'चंही असंच. एकाच पुस्तिकेत तो तीन प्रकारे येऊ शकतो. कपडे धुण्याच्या यंत्रात : 'कपडे ठासून भरू नका.' सॉकेटवर : 'एका सॉकेटला जास्त उपकरणं जोडू नका.' लिफ्टमध्ये : 'ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त माणसं घेऊ नका.' तिन्हीकडे 'अतिभार टाळा' लिहिलं तर व्याकरणाने चूक नाही, फक्त कोणी काही टाळणार नाही. सॉकेटची सूचना तर वाचलीच गेली पाहिजे. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट.

'भार'वर आणखी एक संकट आहे, ते म्हणजे 'चार्ज'. विद्युतभार, प्रभार म्हणजे चार्ज. विद्युतभारित कण म्हणजे चार्ज असलेला कण. त्यात 'भारित सरासरी' वेगळीच, ती कमी-जास्त महत्त्व देऊन काढलेली सरासरी. आणि 'भारलेला' म्हणजे मंत्राने भारलेला! बॅटरीच्या एकाच परिच्छेदात चार्ज आणि लोड दोन्ही आले तर दोन्हीला 'भार' म्हणू नका. तिथे 'चार्ज' हा शब्द तसाच ठेवा, मराठी वाचक तो रोज वापरतो. तसं पाहिलं तर इंग्रजांनाही बोल लावता येत नाही. 'चार्ज' हा शब्दही मुळात गाडीत माल भरण्याचा, लॅटिनमध्ये गाडीला 'कारुस' म्हणत त्यावरून आलेला. 'कार्गो' त्याचाच भाऊ. आपण 'पदभार स्वीकारला' म्हणतो, ते 'चार्ज घेतला'शी किती जुळतं पाहा.

इथवर नाम झालं. क्रियापदाची गोष्ट वेगळी आहे आणि सोपी आहे. 'लोड करणे' म्हणजे यंत्र कामाला तयार व्हावं म्हणून त्यात काहीतरी घालणं. मराठीत याला 'भरणे' हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहे. बंदुकीत गोळी भरतात, कॅमेऱ्यात फिल्म भरत असत, प्रिंटरमध्ये कागद भरतात. तोंडाकडून दारू ठासायच्या जुन्या बंदुकीला आपण 'ठासणीची बंदूक' म्हणतो. इंग्रजीत तिच्या नावात 'लोड' आहे, मराठीत ठासण्याची कृतीच नावात आली. संगणकात प्रोग्राम साठवणीतून मेमरीत येतो तेही भरणंच. पण 'पान भरत आहे' म्हटलं तर कोणी वही घेऊन बसलंय असं वाटतं. तिथे 'लोड होत आहे' राहू द्या. याबाबत मी हट्टी नाही. लोक दिवसातून शंभरदा जो शब्द बोलतात तो पुस्तिकेतून हाकलून काय मिळणार? सर्व्हरचा 'लोड' मात्र नाम आहे आणि तिथे 'भार' चालतो. लिनक्स यंत्रावर 'लोड अ‍ॅव्हरेज'चे तीन आकडे दिसतात, गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. चार कोअरच्या, म्हणजे एका वेळी चार कामं चालवू शकणाऱ्या यंत्रावर तो आकडा सतत चारच्या वर असेल तर कामं रांगेत तिष्ठत आहेत असं ढोबळमानाने समजायचं. म्हणजे तिथल्या 'भारा'चा अर्थ चालू आणि खोळंबलेली कामं, वजनाचा संबंधच नाही.

वैद्यकात 'व्हायरल लोड'ला 'विषाणूभार' हा शब्द आहे आणि डॉक्टरांसाठीच्या मजकुरात तो ठीक आहे. रुग्णासाठीच्या पत्रकात मी तो वापरत नाही. ही चाचणी रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या किती प्रती आहेत ते मोजते, तेव्हा 'रक्तातलं विषाणूंचं प्रमाण' लिहावं. 'भार' वाचून आधीच घाबरलेला माणूस आणखी दडपतो. शिक्षणशास्त्रातला 'कॉग्निटिव्ह लोड', जॉन स्वेलर यांनी १९८८ च्या लेखात मांडलेला, तिथे 'आकलनभार' बरा. एका वेळी डोक्यात किती गोष्टी धराव्या लागतात, त्याचा तो हिशेब आहे. गुंतवणुकीतला 'एक्झिट लोड' म्हणजे पैसे मुदतीआधी काढले तर कापली जाणारी रक्कम. त्याला भार म्हणू नका, 'निर्गम शुल्क' म्हणा किंवा इंग्रजी शब्द राहू द्या. नदीचा लोड म्हणजे नदीने वाहून आणलेला गाळ, दगडगोटे आणि पाण्यात विरघळलेले क्षार. नदीला त्याचं ओझं होत नाही, तेव्हा लोडला 'गाळ' म्हणून पुढे जा. फक्त क्षारांचा उल्लेख असेल तिथे तो वेगळा लिहा.

बोलीतले प्रयोग तुमच्या पुस्तिकेत येणार नाहीत, पण विषय निघालाच आहे. 'मनावरचा लोड उतरला'साठी आपल्याकडे 'जीव भांड्यात पडला' असताना 'मनावरून भार गेला' कशाला? 'लोड्स ऑफ'ला ढीगभर, चिक्कार, रग्गड, खंडीभर यांतलं बोलणाऱ्याच्या तोंडी शोभेल ते घ्या. 'लोडेड' माणूस म्हणजे गडगंज, अमेरिकेत कधीकधी तर्र झालेलाही. 'लोडेड' फासे म्हणजे एका बाजूने जड केलेले, आपल्या भाषेत शकुनीचे फासे. आणि 'लोडेड क्वेश्चन' म्हणजे ज्या प्रश्नात मेख मारून ठेवली आहे तो. 'तुम्ही खोटं बोलणं कधी सोडलंत?' याला काहीही उत्तर द्या, आधी खोटं बोलत होतात हे कबूल केल्यासारखं होतं. 'भारलेला प्रश्न' लिहिलंत तर वाचक मांत्रिक शोधेल.

उलट्या दिशेचाही एक सापळा आहे. 'लोड घेऊ नको' हे आज मराठीत इतकं मुरलंय की ते इंग्रजीच वाटतं. पण इंग्रजीत असं कोणी म्हणत नाही. त्यांच्याकडे त्या अर्थाला वेगळी क्रियापदं आहेत. हा प्रयोग आपला, शब्द तेवढा उसना. त्याचं प्रमाण मराठी 'ताण घेऊ नकोस'. अभियांत्रिकीच्या मजकुरात मात्र 'ताण' म्हणजे दोरी ओढली की तिच्यात येणारं बल, म्हणून लोडसाठी तिथे 'ताण' वापरू नका.

आणि आपला स्वतःचा 'लोड' आहेच की, तक्क्याशेजारचा. इंग्रज थकला की पायांवरचा 'लोड' उतरवायला बसतो, आपण लोडालाच टेकून बसतो. एका जुन्या बैठकीच्या वर्णनाचं इंग्रजी करणाऱ्या मुलाने 'ते लोडाला टेकले होते' याचं 'ते ओझ्याला टेकले होते' अशा अर्थाचं इंग्रजी केलेलं मी पाहिलंय. त्यालाही कोश बघायची गरज वाटली नव्हती.

तुमच्या पुस्तिकेपुरतं सांगायचं तर, भाषांतर सुरू करण्याआधी 'लोड' जिथे जिथे आलाय ती सगळी वाक्यं एका फाइलमध्ये उतरवून काढा आणि प्रत्येकासमोर वाहणारा कोण ते लिहा. अर्धा दिवस जाईल, नंतरचे चार दिवस वाचतील. वाहणारा कळला नाही तर एकक बघा. 'रेटेड लोड' या एकाच नावापुढे एका पानावर किलोवॉट असतील आणि दुसऱ्यावर किलो. किलोवॉट असतील तर विजेचा भार, किलो असतील तर त्या यंत्रात किती कपडे मावतात किंवा त्या साखळीने किती उचलता येतं. ओळीत एककच नसेल तर अंदाजाने शब्द टाकू नका, कंपनीला विचारा.